रक्त पातळ करण्याची गोळी: डोस माणसागणिक का बदलतो?

हृदयाची झडप बदललेली माणसं तपासणीला येतात, तेव्हा बाकावर बसल्या बसल्या एकमेकांच्या गोळ्यांची चौकशी होतेच. एकाला ॲसिट्रॉमची एक मिलिग्रॅमची गोळी पुरते. शेजारचा चार मिलिग्रॅम घेतो, तरी त्याचा रिपोर्ट वर सरकत नाही. झडप तीच, वय सारखं, वजनही जवळपास तेवढंच. मग निष्कर्ष निघतात. ज्याचा डोस जास्त त्याचा आजार मोठा, ज्याचा कमी त्याचे डॉक्टर भित्रे. कुणी घरी जाऊन मनानंच अर्धी गोळी कमी करतो, कुणी वाढवतो. हा लेख त्या बाकावर बसलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. वॉर्फरिन किंवा ॲसिट्रॉमचा डोस हे आजाराचं माप नाही. आयएनआर नावाची रक्ततपासणी एका ठरावीक पट्ट्यात आणण्यासाठी तुमच्या शरीराला किती औषध लागतं, एवढंच तो आकडा सांगतो. गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आयएनआर साधारण १ असतो. पायाच्या शिरेत गुठळी झालेल्याला किंवा हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्याला तो २ ते ३ मध्ये हवा असतो. हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप काढून धातूची बसवली असेल, तर बहुधा २.५ ते ३.५. या पट्ट्यात पोचायला एका माणसाला दिवसाला अर्धा मिलिग्रॅम वॉर्फरिन पुरतं, तर दुसऱ्याला १० मिलिग्रॅमही कमी पडतं. वय, वजन, यकृताची अवस्था, जेवण, सोबतची औषधं या सगळ्यांचा त्यात हात असतो. आईवडिलांकडून आलेल्या जनुकांचा वाटाही मोठा आहे, आणि दवाखान्यात त्याबद्दल बोलायला सहसा वेळ उरत नाही.

उंदरांपासून माणसांपर्यंत

या औषधाचा इतिहास थोडा सांगतो, कारण जनुकाचा शोध त्यातूनच लागला. १९२० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या गवताळ भागांत गुरं रक्तस्राव होऊन मरू लागली. स्वीट क्लोव्हर नावाचा चारा बुरसटला की त्यात रक्त गोठू न देणारं द्रव्य तयार होत होतं. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेनं ते वेगळं काढलं. त्याच कुळातलं वॉर्फरिन १९४८ मध्ये उंदीर मारायचं औषध म्हणून बाजारात आलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झालं. १९५८ मध्ये स्कॉटलंडमध्ये असे उंदीर सापडले, ज्यांच्यावर वॉर्फरिनचा परिणामच होत नव्हता. पुढे १९६४ मध्ये असाच गुण पिढ्यांमधून उतरलेलं एक माणसांचं कुटुंब वैद्यकीय नियतकालिकात नोंदलं गेलं. त्यामागचं जनुक मात्र २००४ मध्ये हाती लागलं. त्याचं नाव व्हीकेओआरसी१.

यकृत रक्त गोठवणारे काही घटक तयार करतं आणि त्यासाठी त्याला व्हिटॅमिन के लागतं. एकदा वापरलेलं व्हिटॅमिन के पुन्हा कामाचं करण्यासाठी एक एन्झाइम असतं. व्हीकेओआरसी१ हे जनुक ते एन्झाइम बनवतं आणि तुमची गोळी नेमकं तेच अडवते. काही लोकांच्या जनुकात सुरुवातीलाच एका अक्षराचा फरक असतो. जी ऐवजी ए. अशा माणसांत ते एन्झाइम मुळातच कमी तयार होतं, म्हणून ते अडवायला औषधही कमी लागतं. चीन, जपान, कोरिया या भागांत दर दहा प्रतींपैकी साधारण नऊ या ए प्रकारच्या असतात, युरोपात चार, आफ्रिकी वंशाच्या लोकांत जेमतेम एक. पूर्व आशियातल्या रुग्णांना वॉर्फरिन कमी लागतं, हा डॉक्टरांचा जुना अनुभव होता. त्याचं बरंचसं कारण इथं मिळालं. भारतीयांत हा ए प्रकार युरोपीयांपेक्षाही कमी आढळतो.

दुसरं जनुक आहे सीवायपी२सी९. त्यापासून यकृतात औषधाचा निचरा करणारं एन्झाइम बनतं. पाण्याच्या टाकीत येणारी धार तीच ठेवली आणि खालची तोटी अर्धी बंद केली, तर पातळी चढत जाणारच. या जनुकाचे ‘स्टार २’ आणि ‘स्टार ३’ असे दोन मंद प्रकार सर्वाधिक अभ्यासले गेले आहेत. त्यातला स्टार ३ जास्त मंद. दोन्ही प्रती स्टार ३ असतील, तर वॉर्फरिनच्या प्रभावी भागाचा निचरा फारच थोडा होतो. आपल्याकडे स्टार २ पेक्षा स्टार ३ अधिक दिसतो. म्हणून अगदी थोड्या गोळीवर आयएनआर उसळणारा भारतीय रुग्ण समोर आला, की माझं लक्ष आधी या जनुकाकडे जातं.

सीवायपी४एफ२ हे तिसरं जनुकही आहे. त्याच्या एका प्रकारात डोस किंचित वाढतो, पण पहिल्या दोघांपुढे त्याचा प्रभाव लहान.

अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००७ मध्ये वॉर्फरिनच्या माहितीपत्रकात जनुकांचा उल्लेख घातला आणि २०१० मध्ये सोबत एक तक्ताही दिला. त्यानुसार, व्हीकेओआरसी१ मध्ये जीजी आणि सीवायपी२सी९ च्या दोन्ही प्रती नेहमीच्या असतील, तर रोजचा अपेक्षित डोस ५ ते ७ मिलिग्रॅम. दुसऱ्या टोकाला एए आणि स्टार ३ च्या दोन प्रती असलेला माणूस. त्याला अर्धा ते २ मिलिग्रॅम. याला सरसकट ५ मिलिग्रॅमवर सुरू केलं, तर पहिल्या काही आठवड्यांतच त्याला रक्तस्रावाचा धोका उभा राहतो, आणि त्यात त्याची स्वतःची काहीच चूक नसते.

भारतात मात्र थोडा वेगळा हिशेब

वरचे आकडे वॉर्फरिनचे आहेत. आपल्याकडे झडपेच्या अनेक रुग्णांना ॲसिनोकुमॅरॉल म्हणजे ॲसिट्रॉम दिलं जातं. दोन्ही एकाच कुळातली, पण मिलिग्रॅमला मिलिग्रॅम जुळत नाहीत. ॲसिट्रॉम साधारण निम्म्या मिलिग्रॅममध्ये तेवढंच काम करतं. दुकानात एक मिळालं नाही म्हणून त्याच आकड्याचं दुसरं घेणं धोक्याचं आहे. औषधवाल्यानं दिलं तरी घेऊ नका. ज्यांनी तुमचा डोस ठरवला त्यांना फोन करा. गोळीचा रंग बदलला तरी पाकिटावरचं नाव आणि मिलिग्रॅम वाचायची सवय ठेवा. एक, दोन, तीन, चार मिलिग्रॅमच्या गोळ्या एकाच डब्यात एकत्र झाल्या, की घोळ ठरलेला.

वॉर्फरिन शरीरात निम्मं व्हायलाच दीड-दोन दिवस लागतात, ॲसिट्रॉम त्या मानानं लवकर बाहेर पडतं. स्टार २ चा ॲसिट्रॉमवर फारसा परिणाम होत नाही. स्टार ३ असेल, तर मात्र इथंही डोस बराच उतरतो. त्यामुळे इंटरनेटवर मिळणारा वॉर्फरिनचा तक्ता ॲसिट्रॉमच्या गोळीला लावू नका.

भारतात हा विषय जिव्हाळ्याचा असण्याचं कारण म्हणजे ऱ्हुमॅटिक ताप. लहानपणी घसा बिघडतो, मग सांधे सुजतात, आणि वर्षांनंतर झडप खराब झाल्याचं कळतं. ऐन तिशी-चाळिशीत धातूची झडप बसलेले रुग्ण आपल्याकडे पुष्कळ आहेत. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं घडवलेली भारतीय झडप १९९० पासून वापरात आहे. अशी कोणतीही यांत्रिक झडप असेल, तर ही गोळी जन्मभर घ्यावी लागते. डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्साबान, ॲपिक्साबान ही नवी औषधं सोयीची आहेत. त्यांना दर महिन्याचा आयएनआर नको, आणि त्यांचा डोस ठरवताना जनुकांपेक्षा मूत्रपिंडाकडे पाहतात. पण यांत्रिक झडप असलेल्यांवर डॅबिगॅट्रान वापरून पाहणारा अभ्यास गुठळ्या आणि रक्तस्राव वाढल्यामुळे थांबवावा लागला, त्याचा अहवाल २०१३ मध्ये आला. ऱ्हुमॅटिक आजारासोबत ठोके अनियमित असणाऱ्यांत रिव्हारोक्साबानपेक्षा जुनी गोळीच सरस ठरल्याचं २०२२ मध्ये दिसलं. ओळखीतल्या कुणाला नवी गोळी मिळाली म्हणून आपणही बदलून मागावी असं झडपेच्या रुग्णाला वाटणं साहजिक आहे. त्यांनी ती मागू नये, असं मी आग्रहानं सांगतो.

घाई नडते

या गोळीचं उत्तर उशिरा येतं. आज रात्री घेतलेल्या गोळीचा पूर्ण परिणाम उद्याच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही. रक्तात आधीच तयार असलेले गोठवणारे घटक संपायला वेळ लागतो. काही घटक तासांत ओसरतात, तर प्रोथ्रॉम्बिनला दोन-तीन दिवस निम्मं व्हायलाच लागतात. गुठळीच्या रुग्णाला सुरुवातीचे किमान पाच दिवस पोटात हेपरिनसारखं इंजेक्शन आणि गोळी दोन्ही देतात ते याचसाठी. आयएनआर २ झाला म्हणून त्याच दिवशी इंजेक्शन स्वतःहून बंद करायचं नसतं.

ज्यांचा सीवायपी२सी९ मंद आहे त्यांच्यात हा उशीर आणखी लांबतो. एखाद्या डोसचा पूर्ण परिणाम दिसायला त्यांना दोन ते चार आठवड्यांहून जास्त लागू शकतात, असं अमेरिकी माहितीपत्रकच सांगतं. आता कल्पना करा. अशा रुग्णाचा आयएनआर आठव्या दिवशी १.८ आला, म्हणून डोस वाढवला. तिकडे जुन्या डोसचा परिणाम अजून चढतोच आहे. पुढच्या तपासणीला आकडा थेट ५ वर. मग गोळी बंद, मग पुन्हा सुरू, आणि कागदावर नुसते चढउतार. अशा वेळी रुग्णावर पथ्य मोडल्याचा, गोळ्या चुकवल्याचा आरोप होतो. माझ्या मते आरोप करण्यापूर्वी दोन गोष्टी बघायला हव्यात: दोन बदलांमध्ये पुरेसे दिवस गेले होते का, आणि हा माणूस मंद निचऱ्याचा तर नाही ना.

म्हणून एक वही करा. तारीख, आयएनआर, आठवड्याची एकूण मिलिग्रॅम, मध्येच घेतलेलं दुसरं औषध. आठवड्याची बेरीज महत्त्वाची. कारण ‘सोमवारी आणि गुरुवारी तीन, बाकी दिवस दोन’ अशा डोसात रोजचा आकडा फसवतो. या उदाहरणात बेरीज होते १६. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासणी करा. सहा महिन्यांची अशी वही डॉक्टरांपुढे ठेवली, तर अनेकदा जनुकांच्या तपासणीशिवायच अर्धं कोडं सुटतं.

तपासणी करावी का?

जनुकांची तपासणी साधी आहे. रक्ताचा किंवा गालाच्या आतल्या बाजूचा नमुना देतात, निकाल काही दिवसांत मिळतो, आणि आयुष्यात एकदाच करावी लागते. पण ती सगळ्यांनी करावी का, यावर मोठे अभ्यास झाले आणि त्यांनी एकच उत्तर दिलं नाही.

२०१३ मध्ये एकाच नियतकालिकात दोन अहवाल आले. ब्रिटन आणि स्वीडनमधल्या ४५५ रुग्णांत जनुकं पाहून डोस दिलेल्यांचा आयएनआर ६७.४ टक्के काळ योग्य पट्ट्यात राहिला, तर नेहमीच्या पद्धतीनं ६०.३ टक्के. अमेरिकेतल्या १०१५ रुग्णांच्या अभ्यासात मात्र एकूण फरक पडला नाही, आणि कृष्णवर्णीय रुग्णांत तर जनुकांवर आधारलेला हिशेब उलटा ठरला. योग्य पट्ट्यातला काळ ४३.५ वरून ३५.२ टक्क्यांवर आला. आफ्रिकी वंशाच्या लोकांत महत्त्वाचे असणारे जनुकांचे काही प्रकार त्या गणितात धरलेच नव्हते, हे त्याचं एक कारण मानलं जातं. ज्या समाजावर गणित बसवलं, त्याच्या बाहेर ते चालेलच असं नाही. भारतात कुणी ‘जनुकांनुसार अचूक डोस’ असं विकत असेल, तर हे आठवा. त्यांच्या यादीत कोणते प्रकार तपासले जातात, विशेषतः स्टार ३ आहे ना, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

२०१७ मध्ये आलेला गुडघा-खुब्याच्या शस्त्रक्रियेचा अभ्यास मला अधिक बोलका वाटतो, कारण त्यात आयएनआरसोबत रुग्णाला प्रत्यक्ष काय झालं तेही पाहिलं. ६५ च्या पुढचे सुमारे १६०० रुग्ण होते. मोठा रक्तस्राव, आयएनआर ४ किंवा त्याहून वर जाणं, गुठळी किंवा मृत्यू यांपैकी काहीतरी घडण्याचं प्रमाण नेहमीच्या पद्धतीत १४.७ टक्के होतं. जनुकं पाहून डोस दिला तेव्हा ते १०.८ टक्के. फरक बराचसा आयएनआर न उसळण्यातून आला. ॲसिनोकुमॅरॉलवर युरोपात झालेल्या अशाच अभ्यासात मात्र बारा आठवड्यांअखेर ठोस फायदा दिसला नाही.

माझं मत सरळ आहे. गोळी सुरू होऊन वर्ष-दोन वर्षं झाली आणि आयएनआर स्थिर आहे, तर या तपासणीवर पैसे घालू नका. तुमच्या शरीरानं उत्तर दिलेलंच आहे, आणि त्यात जनुकंही आली. गोळी सुरू व्हायची आहे आणि निकाल पहिल्या काही दिवसांत मिळू शकतो, तर डॉक्टरांशी जरूर बोला. विशेषतः वय जास्त असेल, वजन फार कमी असेल, पूर्वी पोटातून किंवा मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर. निकालाची वाट पाहत गोळी सुरू करणं मात्र लांबवू नका, गुठळी थांबत नाही. तिसरा गट म्हणजे अगदी थोड्या गोळीवर आयएनआर उसळणारे आणि आठवड्याला ७० मिलिग्रॅम वॉर्फरिन घेऊनही पट्ट्यात न येणारे. अशांनी तपासणीचा विषय स्वतःहून काढावा. गोळ्या नियमित घेऊनही परिणाम न होणाऱ्या काहींमध्ये व्हीकेओआरसी१ चा दुर्मीळ, औषधाला दाद न देणारा प्रकार सापडतो. इथियोपियाच्या लोकांत त्यातला एक प्रकार बराच आढळतो.

इथे एक गल्लत होते, तिच्यापासून सावध राहा. फॅक्टर व्ही लेडन, प्रोटीन सी, प्रोटीन एस, एमटीएचएफआर असं लिहिलेला महागडा रिपोर्ट घेऊन लोक येतात आणि ‘माझी जनुकं तपासली आहेत’ म्हणतात. त्या तपासण्या गुठळी होण्याची प्रवृत्ती शोधतात. तुम्हाला किती मिलिग्रॅम लागेल, हे त्यांतून कळत नाही. डोससाठीच्या रिपोर्टवर सीवायपी२सी९ आणि व्हीकेओआरसी१ ही नावं दिसली पाहिजेत.

आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला म्हणजे निर्धास्त झालात असंही नाही. वय, वजन, सोबतची औषधं आणि ही जनुकं सगळी एकत्र धरली, तरी माणसामाणसांतल्या डोसाच्या फरकाचा साधारण निम्मा भाग उलगडतो. उरलेला निम्मा आयएनआरच सांगतो. तपासणी केली तरी महिन्याची सुई चुकत नाही.

मेथी, श्रावण आणि टीबीची गोळी

जनुकं बदलत नाहीत, बाकी सगळं बदलतं. मेथी, पालक, शेपू, अळू, कोथिंबीर यांत व्हिटॅमिन के भरपूर असतं. ते वाढलं की आयएनआर उतरतो. पण पालेभाजी बंद करू नका. आठवड्यात जेवढी खाता तेवढीच साधारण खात राहा. थंडीत मेथी स्वस्त झाली म्हणून रोज दोन वेळा, आणि श्रावणात किंवा नवरात्रात उपवास म्हणून पंधरवडाभर हिरवं पानसुद्धा नाही, असं झालं की आकडा हलतो. मोठा उपवास करायचाच असेल, तर आधी सांगा आणि मध्येच एक आयएनआर करून घ्या.

औषधांचं मात्र जास्त गंभीर आहे. मेट्रोनिडॅझोल, फ्लुकोनॅझोल, कोट्रायमॉक्साझोल आणि हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन यांनी आयएनआर वर जातो. यांतली बरीचशी सीवायपी२सी९ लाच आवर घालतात. ज्याच्या अंगी हे एन्झाइम आधीच मंद आहे, त्याला जुलाबासाठी दिलेला मेट्रोनिडॅझोलचा कोर्स रुग्णालयात पोचवू शकतो. याउलट टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन औषधाचा निचरा इतका वाढवतं, की आधीचा डोस निरुपयोगी होतो. धोका तिथेच संपत नाही. टीबीचा कोर्स संपून रिफाम्पिसिन थांबलं, की वाढवलेला डोस पुढच्या काही आठवड्यांत जास्त होत जातो. त्या काळात आयएनआर दर आठवड्याला बघा. दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन मनानं घेऊ नका. आणि गावाकडे ताप आला की ‘एक सुई मारा’ म्हणायची सवय असते, ती या रुग्णांनी सोडावी. कमरेत घेतलेल्या इंजेक्शननं स्नायूत मोठी रक्ताची गाठ होऊ शकते.

गोळी विसरलात आणि त्याच दिवशी आठवलं, तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर सोडून द्या, दुप्पट घेऊ नका. डांबरासारखी काळी शौचाला होणं, लघवी लाल होणं, हिरड्यांतलं रक्त न थांबणं, डोक्याला मार लागणं किंवा अचानक असह्य डोकेदुखी यांपैकी काहीही झालं, तर उद्याची वाट पाहू नका.

स्टेंटवाल्यांची गोष्ट उलटी

एंजिओप्लास्टी किंवा पक्षाघातानंतर दिली जाणारी क्लोपिडोग्रेलही ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणूनच ओळखली जाते, पण तिचं काम वेगळं आहे. ती रक्तातल्या प्लेटलेट एकमेकांना चिकटू देत नाही. पोटात जाते तेव्हा ती निष्क्रिय असते. यकृतात सीवायपी२सी१९ हे एन्झाइम तिला जागं करतं. ते मंद असेल, तर वॉर्फरिनच्या उलट घडतं. औषध साचत नाही, कामालाच लागत नाही. स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका राहतो आणि रुग्ण मात्र गोळी नेमानं घेत असतो.

मला ही बाजू अधिक काळजीची वाटते. वॉर्फरिनला आयएनआरचा पहारा असतो, क्लोपिडोग्रेलला तसा रोजचा पहारा नाही. शिवाय दक्षिण आशियाई लोकांत मंद प्रत फार सर्रास आढळते. सुमारे निम्म्या लोकांकडे किमान एक तरी असते. अमेरिकेनं २०१० मध्ये या औषधावर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०२४ मध्ये पक्षाघातानंतर क्लोपिडोग्रेल देण्याआधी ही जनुक तपासणी सुचवली आहे. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी ती मागून घ्यावी. इथे स्टेंट बसलेल्यांनी निदान एवढं विचारावं: ‘माझ्यासाठी ही तपासणी उपयोगी आहे का, की दुसरी गोळीच बरी?’ टिकॅग्रेलॉर आणि प्रासुग्रेल या एन्झाइमवर तशा अवलंबून नाहीत, पण त्यांनी रक्तस्राव अधिक होतो, आणि पूर्वी पक्षाघात झालेल्याला प्रासुग्रेल देत नाहीत. म्हणून हा बदल डॉक्टरांनीच करायचा. क्लोपिडोग्रेल चालू असताना ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल मनानं घेऊ नका, ती याच एन्झाइमला अडवतात. आणि काहीही शंका आली तरी स्टेंटनंतरची गोळी स्वतःहून बंद करू नका.

मूल हवं असेल तर, आणि घरच्यांसाठी

झडप बदललेल्या तरुण स्त्रियांशी याबद्दल कुणीतरी वेळेवर बोलायला हवं, आणि बहुतेक वेळा कुणी बोलत नाही. वॉर्फरिन आणि ॲसिट्रॉम गर्भापर्यंत पोचतात. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात त्यांनी गर्भाच्या वाढीत दोष येऊ शकतात. वॉर्फरिनचा डोस दिवसाला ५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असेल, तर हा धोका कमी असतो. म्हणजे तुम्हाला किती गोळी लागते, याचा थेट संबंध इथे येतो. दुसरीकडे घाबरून गोळी बंद केली, तर झडपेत गुठळी होऊन आई दगावू शकते. म्हणून दिवस राहण्याआधीच हृदयरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांना भेटा. पाळी चुकली तर त्याच आठवड्यात तपासणी करा. सासरच्यांनीही हे समजून घ्यावं. ‘नवस आहे, गोळी नको’ असा सल्ला जीवघेणा आहे.

रिपोर्ट केला असेल, तर तो जपा. त्याचा उपयोग या एका गोळीपुरता नाही. सीवायपी२सी९ मंद असणाऱ्याला फिट्ससाठीचं फेनिटॉइनही कमी लागतं, नेहमीच्या डोसानं त्याला भोवंडल्यासारखं होऊ शकतं. तुमच्या दोन्ही प्रती स्टार ३ निघाल्या, तर प्रत्येक मुलाकडे त्यातली एक गेलेलीच असते, भावंडांतही ती असण्याची शक्यता मोठी. आज त्यांना काही करायचं नाही. उद्या त्यांच्यापैकी कुणाला ही गोळी लागली, तर पहिल्या दिवशी डॉक्टरांच्या कानावर घालायची एवढी एक गोष्ट त्यांच्याकडे असू द्या.

मोबाइलमध्ये एक फोटो काढून ठेवा: औषधाचं नाव, आठवड्याची बेरीज, तुमचा आयएनआरचा पट्टा, गोळी कशासाठी चालू आहे आणि असल्यास जनुकांचा निकाल. दात काढायला गेलात तरी तो आधी दाखवा. दातासाठी गोळी बंद करायची का, किती दिवस, हे दातांच्या डॉक्टरांनी तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरवायचं असतं. साधा एखादा दात काढायचा असेल आणि आयएनआर पट्ट्यात असेल, तर पुष्कळदा ती बंद करावीच लागत नाही.